तुमच्या मशीनवर चालतं, सर्व्हरवर अडतं

लॅपटॉपवर वेबसाइट व्यवस्थित चालते. कोड सर्व्हरवर चढवला की बिल्ड (कोडपासून चालती वेबसाइट बनवण्याची पायरी) पडतो आणि निरोप येतो, मॉड्यूल सापडलं नाही. फाइल तर डोळ्यांसमोर आहे! नीट पाहिलं की कळतं: फाइलीच्या नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल आहे आणि कोडमध्ये इम्पोर्ट करताना तेच स्मॉल लिहिलंय. विंडोजची एनटीएफएस आणि मॅकची एपीएफएस या फाइल सिस्टीम नाव जसं दिलं तसं जपतात, पण मूळ सेटिंगमध्ये शोधताना कॅपिटल-स्मॉल असा भेद मानत नाहीत. लिनक्सवरच्या ईएक्सटी४ च्या लेखी त्या दोन निराळ्या फाइली. वेबसाइटचा सर्व्हर बहुधा लिनक्सचाच असतो, म्हणून चूक तिथे उघडी पडते.

घाईघाईत फोल्डर उघडून नाव बदललं तरी काम होत नाही. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिटसुद्धा विंडोज आणि मॅकवर हा भेद दुर्लक्षित करतं, त्यामुळे बदल झाला हेच त्याला कळत नाही. नाव ‘गिट एमव्ही’ कमांडनं बदलावं. फोल्डरचं नाव असेल तर आधी एखाद्या तिसऱ्याच नावावर न्यावं, मग हव्या त्या नावावर आणावं.

ऑपरेटिंग सिस्टीमची तुलना करताना लोक दिसण्यावर आणि वेगावर भांडतात. वेब डेव्हलपमेंटपुरता खरा प्रश्न एकच: तुमचं डेस्कटॉप सर्व्हरपासून किती लांब आहे?

सगळ्यात लांब साधं विंडोज. तिथे ओळ संपली की सीआर आणि एलएफ अशी दोन अदृश्य चिन्हं पडतात, लिनक्स आणि मॅकवर फक्त एलएफ. विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट (टर्मिनलच्या कमांडींची फाइल) लिनक्सवर गेली की पहिल्या ओळीतल्या ‘बॅश’ला, म्हणजे ती चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या नावाला, ते जादा सीआर चिकटून राहतं. सिस्टीम त्या शेपटीसकटच्या नावाचा प्रोग्रॅम शोधते, तो अर्थातच नसतो, आणि ‘बॅड इंटरप्रिटर’ अशी तक्रार येते. प्रत्येकाच्या मशीनवरच्या सेटिंगवर विसंबण्यापेक्षा प्रोजेक्टमधल्या गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलीत ओळीचा शेवट एलएफ ठरवून टाकावा, म्हणजे तो नियम कोडबरोबर सगळीकडे जातो.

हे अंतर डब्ल्यूएसएल २ नं बरंच कमी केलं. २०२० पासून विंडोज १० मध्ये आलेली ही सोय खराखुरा लिनक्स कर्नल (सिस्टीमचा गाभा) एका हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून टर्मिनल उघडून ‘डब्ल्यूएसएल इन्स्टॉल’ कमांड दिली, मशीन रीस्टार्ट केलं की उबंटू हे लिनक्स तयार. इथे हमखास होणारी चूक म्हणजे प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवून त्यावर लिनक्सच्या बाजूनं काम करणं. मग प्रत्येक फाइल वाचताना दोन सिस्टीममधली सीमा ओलांडावी लागते. नोड मॉड्यूल्सच्या, म्हणजे प्रोजेक्टला लागणाऱ्या तयार जावास्क्रिप्ट कोडच्या, फोल्डरमध्ये हजारो चिमुकल्या फाइली असतात, त्यामुळे इन्स्टॉल रेंगाळतं. शिवाय विंडोजच्या एडिटरमध्ये फाइल बदलल्याची सूचना पलीकडे पोचत नाही आणि सेव्ह केल्यावर पान आपोआप ताजं होणं थांबतं. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवला की दोन्ही दुखणी जातात. मेमरीचं तेवढं बघा: डब्ल्यूएसएल मशीनच्या निम्म्या रॅमपर्यंत हात पसरू शकतं. ८ जीबीत ब्राउझर आणि डॉकर (अ‍ॅप वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) दोन्ही चालवले की ओढाताण होते. १६ जीबी असलेले बरे.

मॅक युनिक्सच्याच घराण्यातला, त्यामुळे टर्मिनल ओळखीचं वाटतं. इथेच फसगत होते. त्यातली अवजारं बीएसडी या युनिक्सच्या शाखेची, लिनक्सवरची बहुतांश जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची. मजकूर बदलणाऱ्या ‘सेड’ कमांडनं फाइल जागच्या जागी बदलताना मॅकला ‘आय’ या पर्यायानंतर बॅकअपचा प्रत्यय स्वतंत्र द्यावा लागतो, रिकामा का होईना, लिनक्सला तसा दिलेला चालत नाही. सोबत येणारं बॅश अजून ३.२ वर अडकलंय. नव्या आवृत्त्यांचा परवाना अ‍ॅपलला मानवला नाही आणि २०१९ पासून मूळ शेल झेडशेल झालं. पोर्ट ५००० (सर्व्हर ज्या क्रमांकावर ऐकतो तो) आधीच वापरात आहे असं दिसलं, तर तो अडवणारा एअरप्ले रिसीव्हर (फोनवरचं चित्र-आवाज मॅकवर घेणारी सोय) बंद करून पाहा. मॅकची जमेची बाजू म्हणजे खरी सफारी फक्त तिथेच आहे. आयफोनवर पान का मोडतं, हे शोधायला तिला तोड नाही.

लिनक्स सर्व्हरच्या सगळ्यात जवळ. डॉकर इथे थेट कर्नलवर चालतो. मॅक आणि विंडोजवर त्याला व्हर्च्युअल मशीन लागतं. कुरबुरी इथेही आहेत. फाइलींवर नजर ठेवण्याची मर्यादा जुन्या कर्नलमध्ये ८,१९२ होती. ती संपली की ‘डिस्कवर जागा नाही’ असा दिशाभूल करणारा एरर यायचा. ५.११ कर्नलपासून ही मर्यादा रॅमच्या मानानं वाढते.

रोजच्या कामात ब्राउझर, मेल, व्हिडिओ कॉल तिन्हीकडे चालतात. निर्णय ठरतो तो ज्याच्यावाचून अडतं त्या एखाद्या सॉफ्टवेअरवर. फोटोशॉप आणि डेस्कटॉपवरचं पूर्ण एक्सेल लिनक्ससाठी मिळत नाही. ते रोज लागत असेल, तर विंडोज ठेवून डब्ल्यूएसएल घ्यावं, उगाच घर बदलू नये. उलट, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. त्यामुळे बाद ठरलेल्या, पण धडधाकट मशीनवर लिनक्स टाकणं शहाणपणाचं.

आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वाय-फाय, आवाज आणि झाकण मिटल्यावरची झोप तपासा. दोन्ही सिस्टीम शेजारी ठेवणार असाल तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क कुलूपबंद ठेवणारं साधन) रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. बूटची मांडणी बदलली की विंडोज ती मागू शकतं. नंतर विंडोजचं घड्याळ काही तास चुकू लागलं तर बॅटरीला दोष देऊ नका. विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं धरतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल’नं हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेवर लावलं की दोघांचं जुळतं.