पंधरा दिवसांपूर्वी त्या कशा होत्या?

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी आत्या एकदम शांत झाली. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, कारण आदली अख्खी रात्र तिने पंख्याशी भांडण्यात आणि सलाईनची नळी ओढण्यात घालवली होती. २०२३ चा मे महिना, सोलापुरात पारा चाळिशीच्या वर. ताप आणि लघवीला जळजळ म्हणून ७८ वर्षांच्या आत्याला शहरातल्या एका खासगी रुग्णालयात भरती केलं होतं. सिस्टरनी केसपेपरवर लिहिलं, पेशंट शांत झोपला आहे.

चौथ्या दिवशी बाहेरून बोलावलेल्या एक फिजिशियन आल्या. त्यांनी आत्याला नंतर तपासलं, आधी मला विचारलं, “पंधरा दिवसांपूर्वी या कशा होत्या?”

मी म्हटलं, पंधरा दिवसांपूर्वी तिने गल्लीतल्या भिशीचा सगळा हिशोब तोंडी केलाय, आणि मधल्या मारुतीपाशी चिंचेचा भाव पाडून आलीय. डॉक्टरीणबाईंचा चेहराच बदलला. हा प्रश्न तीन दिवसांत दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. कागदावर वय होतं ७८, आणि सगळ्यांनी त्या आकड्यातच उत्तर शोधलं होतं. एवढं वय झाल्यावर माणूस बरळणारच! खरं सांगायचं तर आम्ही घरचेही तेच म्हणत होतो.

आत्याला झाला होता डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक उडणारा बुद्धीचा गोंधळ. आपल्याकडची जुनी माणसं ‘वात झाला’ म्हणतात तो. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षं मुरत जातो. डेलिरियम काही तासांत किंवा दिवसांत येतो आणि सकाळी बरा, संध्याकाळी वाईट असा खाली-वर होत राहतो. त्याचं कारण बहुतेकदा मेंदूच्या बाहेर असतं. जंतुसंसर्ग, रक्तातलं उतरलेलं सोडियम, तुंबलेली लघवी, चार दिवसांची बद्धकोष्ठता, नव्याने सुरू झालेली एखादी गोळी. आरडाओरडा करणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. पण डेलिरियमचा दुसरा प्रकार गप्प असतो. माणूस मलूल पडून राहतो, हाक मारली तर डोळे उघडतो, पुन्हा मिटतो. तो कुणाला त्रास देत नाही, म्हणून तोच सगळ्यात जास्त निसटतो. आत्या पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात गेली होती आणि आम्हाला वाटलं, उतार पडला.

हे ओळखायला एमआरआय लागत नाही. एडिनबर्गच्या डॉक्टरांनी ‘फोर-ए-टी’ नावाची चाचणी बनवली आहे, दोन मिनिटांची. माणूस नीट जागा आहे का, हे बघायचं. वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू साल विचारायचं. वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावायचे. आणि हा बदल अचानक झालाय का, खाली-वर होतोय का, ते ठरवायचं. हा शेवटचा भाग पेशंटकडून कळत नाही. तो घरच्या माणसाला विचारावा लागतो, आणि सर्वांत जास्त गुण ज्या दोन भागांना आहेत, त्यांतला एक हाच आहे.

अर्थात ही चाचणी सोलापुरात आणली की तिचे हाल होतात. जन्मतारीख? आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म शाळामास्तरांच्या कृपेने १ जूनला झालाय. शेजारच्या कॉटवर सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक तेलुगू अव्वा होत्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या. त्यांना मराठीतून साल विचारलं, की त्या नुसत्या बघत राहायच्या. त्यांची सून डबा घेऊन आली आणि तेलुगूत बोलली, तेव्हा अव्वांनी धडाधड उत्तरं दिली, वर डब्यात मीठ कमी पडल्याचंही सुनावलं.

तर मग डॉक्टरांना हे शिकवतात की नाही? एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं अभ्यास आणि वर्षभर इंटर्नशिप. त्यात बालरोगाचा विषय वेगळा, त्याची परीक्षा वेगळी, वॉर्ड वेगळा. मूल म्हणजे मोठ्या माणसाची लहान प्रत नव्हे, हे प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनावर ठसवलं जातं. म्हातारपणाला तो मान नाही. २०१९ मध्ये नवा अभ्यासक्रम आला, तेव्हा मेडिसिनच्या पोटात वृद्धांच्या आजारांचा एक भाग आला. चांगलं झालं. पण माझ्या मते खरी अडचण परीक्षेत आहे. परीक्षेला ‘चांगली केस’ म्हणजे हृदयात जादा आवाज (मर्मर) ऐकू येणारी, वाढलेली प्लीहा हाताला लागणारी, आपली हकिगत नीट सांगणारी. पाच आजार, अकरा गोळ्या आणि एकही सरळ उत्तर न देणारी आजी परीक्षेला कुणी ठेवत नाही. मग तिच्याजवळ बसून हकिगत कशी काढायची, हे शिकायचं कधी?

आणि म्हातारं शरीर खरोखरच वेगळ्या नियमांनी चालतं. आत्याचा किडनीचा रिपोर्ट बघा. क्रिएटिनिन १.०, बाजूला छापलेलं ‘नॉर्मल’. पण किडनी जे गाळून टाकते ते क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून. ज्या बाईच्या अंगावर स्नायूच उरले नाहीत, तिच्या रक्तात ते कमी तयार होणार, आणि किडनी थकलेली असली तरी आकडा साळसूद दिसणार. वय, वजन आणि क्रिएटिनिन घालून करायचं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र १९७६ पासून उपलब्ध आहे. मी घरी येऊन आत्याचे आकडे घातले. ७८ वर्षं, ४२ किलो. किडनीची गाळण्याची ताकद आली मिनिटाला साधारण ३० मिलिलिटर. त्याच १.० क्रिएटिनिनच्या, ७० किलोच्या, पंचविशीतल्या तरुणाची येते ११० च्या वर. रिपोर्टवर दोघंही नॉर्मल. औषधाचा डोस मात्र दोघांना सारखा देऊन चालणार नाही.

झोपेसाठी डायझेपाम देतात. रक्तातलं निम्मं डायझेपाम निघून जायला विशीत साधारण २० तास लागतात, ऐंशीच्या घरात ८०-९०. वयाबरोबर अंगातलं पाणी घटतं, चरबीचा वाटा वाढतो आणि हे औषध चरबीत मुक्काम ठोकतं. सोमवारी रात्री दिलेली गोळी गुरुवारीही डोळ्यांवर असते. आत्याला अंगाला खाज येते म्हणून क्लोरफेनिरामाइन चालू केलं होतं. सर्दी-खाजेची साधी, जुनी गोळी. पण मेंदूत लक्ष आणि स्मरण सांभाळणाऱ्या ॲसिटिलकोलिन या रसायनाच्या ती आड येते. तरुणाला नुसती गुंगी येते, म्हातारा माणूस हरवतो.

त्यात आमचा उन्हाळा. वय झालं की तहानच कमी लागते. आत्याची बीपीची गोळी लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढणारी, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, त्यामुळे पिंप भरलेलं असलं तरी तांब्या काटकसरीनेच बुडवायचा ही सवय. तिचं सोडियम १२२ निघालं. ते असायला हवं १३५ च्या वर. म्हाताऱ्या शरीराची आणखी एक खोड म्हणजे आजार दुसऱ्याच दारातून आत येतो. न्यूमोनियात अनेकदा ताप नसतो, नुसतं जेवण सुटतं. हार्ट अटॅकमध्ये कित्येकदा छाती दुखत नाही, दम लागतो किंवा गळून गेल्यासारखं होतं. पुस्तकातली लक्षणं शोधणाऱ्या डॉक्टरला तिथे काहीच दिसत नाही.

कॉटवर झोपवून ठेवणं ही तर आपण उपचाराचाच भाग समजतो. “आजी, उठू नका, पडाल.” लघवीची नळी घातली की उठायचं कारणच संपतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या, ठणठणीत माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं. पायांचं जवळपास एक किलो मांस झडलं. हे निरोगी, व्यवस्थित जेवणाऱ्या माणसांचं! आत्याची कवळी स्टीलच्या डबीत कपाटात होती, चष्मा माझ्या बहिणीच्या पर्समध्ये, आणि डब्यात आम्ही पाठवत होतो कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ती जेवत नाही म्हणून सलाईन वाढवलं गेलं. यातलं डॉक्टरांचं किती आणि आमचं किती, मला अजून नीट सांगता येत नाही.

वृद्धांच्या वैद्यकाची सुरुवातच मुळी अंथरुणातून उठवण्यापासून झाली. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या अनाथ-गरिबांच्या दवाखान्यातले ७०० हून अधिक जुनाट रुग्ण आले. मार्जरी वॉरन या डॉक्टर बाईंनी एकेकाला नव्याने तपासलं, कुणाला नक्की काय झालंय ते लिहून काढलं, त्यांना कॉटवरून खाली उतरवलं. ‘आता हे असेच राहणार’ म्हणून सोडून दिलेले कित्येक जण चालायला लागले, घरी गेले. भारतात या विषयातली एमडी १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात सुरू झाली. २०१० मध्ये केंद्राचा वृद्ध आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. त्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वेगळा वॉर्ड धरलेला आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे सुमारे १० कोटी ४० लाख होते. तज्ज्ञ तेवढ्यांना पुरणार नाहीत हे उघड आहे, म्हणून रात्रपाळीच्या साध्या डॉक्टरलाच हे यायला हवं.

अमेरिकेत येल इथे सत्तरीच्या पुढच्या ८५२ रुग्णांवर एक अभ्यास झाला, १९९९ साली तो छापून आला. अर्ध्या रुग्णांसाठी साधी कामं ठरवून दिली होती. चष्मा-श्रवणयंत्र लावणं, दिवस-तारीख बोलण्यात आणणं, दिवसातून तीनदा चालवणं, पाणी पाजणं, रात्री गोळीऐवजी गरम दूध आणि पाठ चोळणं. डेलिरियम १५ टक्क्यांवरून ९.९ वर आला. या कामांसाठी तिथे स्वयंसेवक शोधून, शिकवून उभे करावे लागले. आपल्याकडे ते आधीच हजर आहेत, बाहेरच्या बाकड्यावर चटई गुंडाळून बसलेले. त्यांना फक्त गोळ्या आणायला आणि बिल भरायला आत बोलावतात.

त्या फिजिशियनबाईंनी खाजेची आणि बीपीची गोळी बंद केली, लघवीची नळी काढली, सोडियम हळूहळू वर आणलं, आणि मला एक कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, चष्मा, कवळी, तीन वेळा चालवा, कालनिर्णय समोर टांगा. सातव्या दिवशी त्या राउंडला आल्या, तेव्हा सोबत रात्रपाळीचे तरुण डॉक्टरही होते. महिने उलटे म्हणून दाखवा, मराठी म्हटले तरी चालतील, असं त्यांनी आत्याला सांगितलं.

“फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक, आश्विन, भाद्रपद...” आत्या थांबली. तरुण डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलं.

“यंदा श्रावण दोन हायत की,” आत्या म्हणाली. “अधिकाचा धरू का सोडू?”