पिकअप ऑफरोडसाठी मॉडिफाय करायचीये? आधी आरसी वाचा, मग पाना हातात घ्या

पिकअप दारात आली की महिन्याभरात डोक्यात खूळ शिरतंच, गाडी उंच करणारं लिफ्ट किट टाकू, जाड टायर टाकू, पुढं लोखंडी बंपर, मागं हौद्यावर कॅनोपी म्हणजे छत, आणि गॅरेजवाला तर बोलतोच की आरटीओचं काय टेन्शन घेता, होऊन जातं. होऊन जात नाही हो. काम झाल्यावर परवानगी मागायला गेलं की बहुतेक वेळा उत्तर एकच मिळतं, पहिलं होतं तसं करून आणा. मी स्वतः टायर आधी घेतले आणि विचारायला नंतर गेलो, ते चार टायर अजून पत्र्याच्या शेडमध्ये पडलेत, म्हणून हे लिहितोय.

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. आरसीवर जी माहिती आहे ती कंपनीने मुळात दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही, सरळ बंदी. बदल म्हणजे काय हेही त्याच कलमात सांगितलंय, गाडीच्या रचनेत असा फरक ज्याने तिचं मूळ स्वरूप बदलतं. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका केसमध्ये हेच पक्कं केलं, की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून रचना हलवता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम 182ए आलं, त्यात बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपये दंड किंवा दोन्ही, आणि मेख अशी की हा दंड प्रत्येक बदलामागे आहे. चार गोष्टी बदलल्या तर हिशोब तुमचा तुम्हीच करा.

मग काहीच करता येत नाही का? येतं, पण त्यासाठी आरसी समोर घेऊन बसायला लागतं. बॉडीचा प्रकार, रंग, इंधन, इंजिन नंबर, सीसी, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), सीट किती, रिकाम्या गाडीचं वजन, एकूण वजन हे सगळं रेकॉर्डवर असतं. मालवाहू म्हणून पासिंग झालेल्या पिकअपला तर रजिस्ट्रेशनच्या फॉर्म 20 मध्येच टायरचा साइज, प्लाय रेटिंग (टायर किती वजन झेपवतो त्याचा आकडा) आणि अॅक्सलवरचं वजन लिहून दिलेलं असतं. तुमचं काम यातल्या एकाही गोष्टीला हात लावत असेल तर आधी अर्ज, नंतर पाना.

रंग बदलायचा असेल तर सोपं आहे, अर्ज करून आरसीवर नोंद करून घ्यायची. कॅनोपी किंवा मागच्या हौद्यावर पक्कं बांधलेलं काहीही म्हणजे बॉडी टाइपचा प्रश्न, शिवाय वजनही वाढतं, त्यामुळे परवानगीशिवाय नकोच. मागे जादा सीट बसवायचं तर विसरूनच जा. इंजिन बदलणार असाल तर आधी मंजुरी घ्या, कारण इंजिन नंबर आरसीवर आहे. कलम 52 मध्येच मंजुरीशिवाय झालेल्या बदलाची माहिती 14 दिवसांत आरसीसकट आरटीओला द्यायची असंही लिहिलंय, पण ही काय मागच्या दाराची सोय नाही, बदल नियमात बसणारा नसेल तर 14 दिवसांत कळवून काय फायदा.

लिफ्ट किटवर सगळ्यात जास्त भांडणं होतात. आरसीवर उंचीचा रकाना नसतो म्हणून चालतं असं लोक सांगतात, पण सस्पेन्शन हा कंपनीच्या मंजूर डिझाइनचा भाग आहे आणि गाडी उंच झाली की सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी वर जातं, हेडलाइटचा अँगल बिघडतो, ब्रेक होज आणि चाकांना ताकद पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटवर ताण येतो, तर इन्स्पेक्टर याला रचनेतला बदल म्हणाला तर तुमच्याकडे उत्तर नाही. माझं मत विचाराल तर कंपनीच्या अधिकृत अॅक्सेसरीजमध्ये असेल तेवढंच घ्या आणि बिल जपून ठेवा.

टायरचं गणित त्यामानाने सरळ आहे. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी जो साइज देते तो त्या गाडीसाठी मंजूर झालेला असतो, तिथपर्यंत बोलायला जागा आहे. त्यापुढे गेलात, टायर फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, बाहेर आले, की अडचण. आणि मड टायर असो की साधा, चारचाकीला ट्रेड, म्हणजे टायरच्या खाचांची खोली, किमान 1.6 मिमी असायलाच लागतो, तो केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 94.

पुढचा बुल बार, म्हणजे बंपरवर लावतात ती लोखंडी चौकट, काढूनच टाका. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवून क्रॅश गार्ड आणि बुल बार हे कलम 52 चं उल्लंघन धरायला सांगितलंय, पादचाऱ्याला जास्त इजा होते आणि धडक बसल्यावर आतल्या सुरक्षेच्या यंत्रणेवरही परिणाम होतो हे कारण. स्पॉटलाइट आणि सर्चलाइटला नियम 111 आडवा येतो, पूर्वपरवानगी लागते आणि तीही खास परिस्थितीत.

आता अर्ज. परिवहनच्या वेबसाइटवर वाहन सेवेत गाडी नंबर टाकून बदलाची सेवा निवडायची, आरसीशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणून नंबर जुना असेल तर तो आधी अपडेट करा नाहीतर इथंच अडकाल. फी ऑनलाइन भरायची, अपॉइंटमेंट घ्यायची, त्या दिवशी गाडी घेऊन जायचं आणि मोटार वाहन निरीक्षक चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि मंजुरी घेऊन केलेलं काम प्रत्यक्ष बघतो.

अर्ज कोणी करायचा, तर आरसीवर ज्याचं नाव आहे त्यानेच. सेकंडहँड घेतलीये आणि ट्रान्सफर बाकी आहे तर आधी ते उरका. टॅक्स थकलेला नको, पेंडिंग चलान नको, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू पाहिजे. पिवळ्या प्लेटची असेल तर फिटनेसही चालू हवं (आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी). गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची लेखी संमती, ही बरेच जण विसरतात आणि एक चक्कर फुकट जाते.

फाइलमध्ये मूळ आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, टॅक्सची पावती, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, पॅन, चेसिस प्रिंट (चेसिस नंबरचा कागदावर घेतलेला ठसा), काम करणाऱ्याचं जीएसटीचं पक्कं बिल, आणि बसवणार त्या पार्टचा कागद. हा शेवटचा कागद सगळ्यात महत्त्वाचा. पुण्याची एआरएआय, सीआयआरटी, मानेसरची आयकॅट, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा टेस्टिंग संस्थांचं किंवा गाडी कंपनीचं सर्टिफिकेट असेल तर बोलणं पाच मिनिटांत होतं, नुसतं "इम्पोर्टेड आहे साहेब" म्हणून काही होत नाही.

गाडी फक्त शेतात नाहीतर ट्रॅकवर चालवतो, रस्त्यावर आणतच नाही, असंही काही जण म्हणतात. कलम 39 मध्ये रजिस्ट्रेशन सार्वजनिक जागी "किंवा इतर कोणत्याही जागी" चालवायला लागतं असं स्पष्ट आहे, त्यामुळे ही पळवाट फार लांब जात नाही. पूर्ण स्पर्धेसाठीच बनवलेली गाडी लोक फ्लॅटबेडवर टाकून नेतात ते उगाच नाही. आणि अभयारण्यात शिरायचं तर गाडीचे सगळे कागद असले तरी वनखात्याची परवानगी वेगळी.

नोंद होऊन नवीन आरसी आली की रकाने एकेक तपासा, टायपिंगची चूक असली तर लगेच सांगा. मग त्याची कॉपी इन्शुरन्स कंपनीला मेल करून पॉलिसीवर नोंद मागा, बाहेरून लावलेल्या इलेक्ट्रिकल सामानाला आयएमटी 24 या पॉलिसीच्या जोडकलमाखाली वेगळा प्रीमियम भरावा लागतो, न कळवता लावलेलं सामान क्लेमच्या वेळी निघालं तर सर्व्हेयर तिथंच पेन थांबवतो. आणि पॉलिसीत रेसिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल वगळलेले असतात, म्हणजे ऑफरोड स्पर्धेत गाडी उलटली तर मॉडिफिकेशन कितीही कायदेशीर असलं तरी खर्च खिशातूनच.