मेंदूचे चुंबकीय मापन आणि गोंगाटाची मर्यादा

मेंदूतील चेतापेशींमध्ये वाहणाऱ्या सूक्ष्म विद्युत प्रवाहांभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते डोक्याबाहेरून मोजून प्रवाहाचा उगम शोधण्याच्या पद्धतीला मॅग्नेटोएन्सेफॅलोग्राफी (एमईजी) म्हणतात. अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी झटक्याचे मूळ कुठे आहे, हे ठरवायला तिचा उपयोग होतो. मात्र हे क्षेत्र साधारण १०० फेम्टोटेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या जवळपास ५० कोटीव्या हिश्श्याएवढे असते. हृदयाचे क्षेत्र त्याच्या शेकडो पट असल्याने ते आधी, १९६३ मध्ये, वीस लाख वेढ्यांच्या वेटोळ्यांनी टिपले गेले. मेंदूचे क्षेत्र डेव्हिड कोहेन यांनी १९६८ मध्ये मोजले. १९७२ मध्ये त्यांनीच त्यासाठी स्क्विड हा अतिसंवाहक संवेदक वापरला.

लिफ्ट, रस्त्यावरची वाहने, विजेच्या तारा या सगळ्यांचा चुंबकीय गोंगाट, म्हणजे मापनात मिसळणारे नको असलेले क्षेत्र, मेंदूच्या संकेतापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणून मापन म्यू-मेटल (चुंबकीय क्षेत्र अडवणारा मिश्रधातू) आणि ॲल्युमिनियमच्या भिंतींच्या खोलीत करतात. तरीही दातात बसवलेल्या धातूला किंचित चुंबकत्व असले, तर रुग्णाच्या प्रत्येक श्वासाबरोबर पडद्यावरची रेघ वरखाली डोलते. साधी पापणी लवली तरी मोठी लाट उमटते.

बाहेरचा गोंगाट अडवला तरी यंत्राचा स्वतःचा उरतोच. द्रव हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या स्क्विडचा गोंगाट दर वर्गमूळ हर्ट्झला (म्हणजे मोजल्या जाणाऱ्या वारंवारतांच्या पट्ट्याच्या रुंदीच्या हिशेबाने) २ ते ५ फेम्टोटेस्ला असतो. हेलियमच्या पात्राभोवतीच्या धातूच्या पातळ मुलाम्यातही इलेक्ट्रॉनांच्या उष्णताजन्य हालचालीमुळे क्षेत्र निर्माण होते. म्हणजे थंडावा टिकवणारे आवरणच गोंगाटात भर घालते. शिवाय या पात्रामुळे संवेदक टाळूपासून दोन-तीन सेंटिमीटर दूर राहतो. प्रकाशाच्या साहाय्याने अणूंची फिरत (स्पिन) टिपणाऱ्या नव्या संवेदकांचा गोंगाट स्क्विडपेक्षा जास्त असतो, पण त्यांना हेलियम लागत नाही. ते डोक्याला जवळजवळ चिकटून बसतात आणि त्यांच्यापर्यंत संकेतच मोठा पोचतो. त्यामुळे नुसता गोंगाटाचा आकडा पाहून संवेदकाची प्रतवारी लावणे चुकीचे आहे.

भारतात कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने हृदय व मेंदू यांच्या मापनासाठी स्क्विड यंत्रणा विकसित केल्या आहेत.

सगळ्यात हट्टी गोंगाट खुद्द मेंदूचा. ज्या प्रतिसादाचा शोध चालू आहे, त्याच्या भोवती इतर चेतापेशींची कामे अखंड सुरू असतात आणि कमी वारंवारतेवर ती संवेदकाच्या गोंगाटाला सहज मागे टाकतात. तोच आवाज शंभर वेळा ऐकवून सरासरी काढली, की हा गोंगाट दहापट घटतो. आपोआप उठणाऱ्या अपस्माराच्या लहरी मात्र अशा हुकमी पुन्हा घडवता येत नाहीत. उगम जितका खोल, तितके क्षेत्र क्षीण. त्यामुळे हिप्पोकॅम्पससारख्या आतल्या भागाचे स्थान ठरवताना थोडासा गोंगाटही बरीच चूक घडवतो.