पांढरी पाचमधली घरघर

सोसायटीतला गणपती असो, वाढदिवसाची मैफल असो की रविवारचा कराओके क्लब, पुण्यात हल्ली वादकांच्या जागेवर बहुतेक वेळा लॅपटॉपच बसलेला असतो. गायक समोर, ट्रॅक लॅपटॉपमध्ये. हेडफोनच्या भोकातून निघालेली वायर मिक्सरला लागते आणि गाणं सुरू होण्याआधीच स्पीकर घुमू लागतात.

हाताशी हार्मोनियम असेल तर ही घरघर कोणत्या स्वरात आहे ते तपासून बघा. ती पांढरी पाचच्या, म्हणजे पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या, जवळपास, थोडी चढी निघेल. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, म्हणजे ५० हर्ट्‌झ. तिच्याबरोबर १०० हर्ट्‌झही ऐकू येतो. खालच्या सप्तकांतली पांढरी पाच येते ४९ आणि ९८ हर्ट्‌झला. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची असल्याने तिथली घरघर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध पडते. गायकाची पट्टी काळी चार असली, तर आपली देशी घरघर षड्जाला घासतच राहते. तिचा वैताग आवाजाच्या मानाने जास्त का होतो, याचं एक कारण हे असावं.

पण भिंतीतली वीज गाण्यात शिरते कशी? त्यासाठी एक गोष्ट पक्की धरावी लागते: मिक्सरला एका तारेतलं काहीच ‘ऐकू’ येत नाही. त्याला कळतो तो दोन तारांमधला फरक. व्होल्टेज ही मुळातच फरकाची भाषा आहे. पर्वती किती उंच, हे पायथ्यापासून मोजायचं की समुद्रसपाटीपासून, ते ठरल्याशिवाय सांगता येत नाही, तसंच हे. हेडफोनच्या वायरमध्ये डावा आवाज, उजवा आवाज आणि दोघांचा मिळून एक ‘शून्य’, अशा तीन वाटा असतात. लॅपटॉप आपला आवाज स्वतःच्या शून्यापासून मोजून पाठवतो, मिक्सर तो स्वतःच्या शून्यापासून मोजून घेतो. दोन्ही शून्यं एकच असतील तर सगळं ठीक.

ती सहसा एक नसतात. लॅपटॉपचा चार्जर स्टेजवरच्या सॉकेटमध्ये, मिक्सर हॉलच्या मागच्या सॉकेटमध्ये. दोन्हींचं अर्थिंग इमारतीत कुठेतरी लांब जाऊन एकत्र येतं आणि वाटेत काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. आता आवाजाची वायर जोडली की अर्थिंगचं एक मोठं वेटोळं पूर्ण होतं आणि त्यातून ५० हर्ट्‌झचा प्रवाह वाहू लागतो. तो आवाजाच्याच शून्य-तारेतून जात असल्याने मिक्सर त्याला गाण्याचा भाग समजतो. ट्रॅक एक व्होल्टचा आणि घरघर एक मिलिव्होल्टची, म्हणजे हजारास एक, हे प्रमाण क्षुल्लक वाटेल. पण तो फरक ६० डेसिबलचा, आणि दोन गाण्यांमधल्या शांततेत तेवढी घरघर मोठ्या स्पीकरवर सहज कळते.

चार्जर दोन पिनांचा असला तरी सुटका नाही. त्याच्या आत भिंतीतल्या विजेची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर मुद्दाम बसवलेला असतो, आणि त्यातून अगदी किंचित वीज झिरपते. धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपवर हात फिरवताना झिणझिण्या जाणवतात त्या याच्याच. ही झिरप मिक्सरकडे जाते ती आवाजाच्या वायरवरूनच. म्हणून पहिली परीक्षा सोपी आहे: चार्जर काढा. घरघर थांबली तर रोगाचं मूळ सापडलं, आणि बॅटरी भरलेली असेल तर कार्यक्रमही होऊन जाईल.

काही जण मात्र चार्जरच्या किंवा मिक्सरच्या प्लगची अर्थची जाड पिनच काढून टाकतात. घरघर जाते, मान्य. पण उपकरणात बिघाड झाला तर वीज पळून जायची वाटही जाते, आणि तेव्हा समोर ओठांना माइक लावलेला माणूस उभा असतो. हा उपाय कुणी कितीही अनुभवी साउंडवाल्याने सुचवला तरी करू नये.

लांब अंतरासाठी साउंडवाले वापरतात ती तीन पिनांची ‘कॅनन’ केबल मात्र याच फरकाच्या तत्त्वावर उभी आहे. तिच्यात एका तारेतून सिग्नल सुलट जातो, दुसरीतून उलट, आणि तिसरी वाट वरच्या जाळीची. समजा एकीत +१ आणि दुसरीत −१ आहे. वाटेत दोघींवर ०.१ एवढा कचरा पडला, तर त्या १.१ आणि −०.९ होतात. मिक्सर वजाबाकी करतो: २. कचरा गायब. नाट्यगृहात याची गरज जास्तच, कारण तिथले जुन्या पद्धतीचे डिमर विजेची लाट सेकंदाला १०० वेळा कापतात आणि शेजारच्या वायरींमध्ये किरकिर सोडतात. दिवे साधारण अर्धे मंद केलेले असताना हा काप सर्वांत मोठा असतो, म्हणजे नेमक्या हळव्या गाण्याच्या वेळी.

हे वाचून कुणी बुधवार पेठेतून एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला कॅनन अशी वायर करून आणेल. इथे गंमत होते. हेडफोनच्या दोन तारांमध्ये सुलट-उलट जोडी नसते, डावा आणि उजवा असे दोन वेगळे आवाज असतात. मिक्सरला त्याचं काय? तो वजाबाकी करतोच. डाव्या-उजव्या दोन्हींत सारखं असलेलं सगळं शून्य होतं, आणि रेकॉर्डिंगमध्ये मधोमध ठेवलेल्या गोष्टी नेमक्या तशाच असतात: बेस, ढोलकाचा ठेका, मुख्य आवाज. उरतात कडेची व्हायोलिनं आणि प्रतिध्वनी. ‘ट्रॅक विहिरीतून वाजतोय’ अशी तक्रार आली, तर फाइलला दोष देण्याआधी वायर बघावी. भर म्हणजे माइकसाठी मिक्सर कॅननवर ४८ व्होल्ट सोडू शकतो. त्याचं बटण चालू असेल तर ते थेट हेडफोनच्या सर्किटवर जाऊन आदळतात.

यावर खरा उपाय म्हणजे डीआय बॉक्स, लॅपटॉप आणि मिक्सर यांच्या मध्ये जोडायची एक डबी. साध्या, बिनविजेच्या डीआयच्या पोटात एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व इथे कामाला येतं: एका वेटोळ्यातला बदलता प्रवाह शेजारच्या वेटोळ्यात, तारेने न जोडताही, व्होल्टेज निर्माण करतो. लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यात आवाज जातो तो चुंबकीय क्षेत्रातून. बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचं बटण असतं, ते दाबलं की जाळीचा जोडही तुटतो आणि अर्थिंगचं वेटोळं उघडं पडतं. उपकरणांची सुरक्षेची अर्थ मात्र जागेवर राहते. ते ४८ व्होल्टही इथेच अडतात, कारण ते वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना सारखेच असतात, आणि ट्रान्सफॉर्मरलाही फरकच लागतो. स्टिरिओ ट्रॅक असेल तर दोन चॅनेलचा डीआय घ्यावा. अगदी स्वस्तातल्या बॉक्समधला इवलासा ट्रान्सफॉर्मर जोराच्या खर्जाला पुरा पडत नाही आणि बेस फाटतो, तेवढं दुकानात वाजवून बघावं.

यूएसबीचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे लॅपटॉपबाहेरचं साउंड कार्ड, घेतला तर आवाज सुधारतो, आणि चार आउटपुट असतील तर ढोलकीवाल्याच्या कानात वेगळा ठोका देता येतो. पण यूएसबीच्या वायरमध्येही अर्थ असतेच, त्यामुळे घरघर कधीकधी त्या वाटेने येते.

मग वायरच नको, ब्लूटूथ लावू? घरघर नक्की जाईल. आवाज थोडा उशिरा पोहोचेल, पण गायक स्पीकर ऐकूनच गाणार असल्याने त्याचं फारसं बिघडत नाही. अडचण वेगळीच आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतो. त्याच पट्ट्यात बरेचसे वायफायही असतात, आणि माणसाच्या शरीरातलं पाणी या लहरी चांगल्याच शोषून घेतं. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये तालीम सुरळीत होते. संध्याकाळी दोनशे माणसं आणि त्यांचे फोन येऊन बसले की ट्रॅक अंतऱ्यातच तुटू लागतो.