कॅसलमन डिसीज: नाव एक, आजार दोन

रिपोर्टवर ‘कॅसलमन डिसीज’ (लिम्फ नोड, म्हणजे लसिकाग्रंथी, वाढून गाठी होण्याचा आजार) दिसलं की घरातलं कोणीतरी लगेच गुगल करतं आणि मग अख्ख्या घराची झोप उडते, कारण या एका नावाखाली दोन वेगळे आजार येतात आणि वाचताना ते एकमेकांत मिसळून जातात. म्हणून डॉक्टरांना आधी हेच विचारा, की गाठ एकाच भागात आहे का बऱ्याच ठिकाणी?

एकाच भागात असेल तर तो युनिसेंट्रिक. बोस्टनचे पॅथॉलॉजिस्ट बेंजामिन कॅसलमन यांनी १९५६ मध्ये १३ पेशंटबद्दल लिहिलं, त्यांच्या छातीत मधोमध अशाच गाठी होत्या आणि त्या थायमसच्या (छातीतल्या एका ग्रंथीच्या) ट्यूमरसारख्या दिसायच्या. मानेत, पोटातही होते ही गाठ. बऱ्याच जणांना काहीच त्रास नसतो, दुसऱ्याच कशासाठी सीटी काढला आणि ही सापडली असं होतं. हा कॅन्सर नाही! गाठ पूर्ण निघाली तर बहुतेक पेशंट बरे होतात, केमो लागत नाही. ऑपरेशन मात्र किरकोळ समजू नका, या गाठीला रक्तपुरवठा भरपूर असतो, मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली असेल तर रक्तस्राव खूप होऊ शकतो, म्हणून कधी कधी आधी एम्बोलायझेशन करून तिचा रक्तपुरवठा तोडतात आणि मगच ऑपरेशनला घेतात.

गाठी बऱ्याच ठिकाणी असतील तर तो मल्टिसेंट्रिक, यात अख्खं शरीर आजारी असतं. ताप, रात्री दरदरून घाम, वजन उतरणं, सूज, हिमोग्लोबिन कमी, सीआरपी (रक्तातली सूज-दाह दाखवणारी तपासणी) वाढलेला. इथे एखादी गाठ काढतात ती फक्त बायोप्सीसाठी, आजार त्याने जात नाही. एचएचव्ही-८ हा हर्पीस गटातला व्हायरस सापडला (एचआयव्ही असलेल्यांत तो जास्त दिसतो) तर मुख्य औषध रिटुक्सिमॅब, आणि दोन्ही व्हायरस नसतील तर इंटरल्यूकिन-६ ला (शरीरात दाह वाढवणाऱ्या प्रोटीनला) अडवणारं सिल्टुक्सिमॅब, ज्याला अमेरिकेत २०१४ मध्ये मंजुरी मिळाली.

खरा घोळ निदानात होतो. आपल्याकडे मानेत गाठ म्हणजे टीबी असंच आधी वाटतं, आणि खूपदा तो असतोही, पण सुईच्या तपासणीत नुसत्या पेशी येतात, गाठीची आतली रचना कळत नाही, आणि कॅसलमन तर त्या रचनेवरूनच ओळखतात, उदाहरणार्थ बऱ्याचदा कांद्याच्या पापुद्र्यांसारखे पेशींचे थर दिसतात त्यावरून. त्यामुळे सुईत काही ठरत नसेल तर नुसत्या अंदाजावर महिनोन्महिने टीबीच्या गोळ्या घेत बसू नका, शक्य असेल तिथे अख्खी गाठ काढून बायोप्सी होईल का ते विचारा, एचएचव्ही-८ ची तपासणी झाली का तेही विचारा. आणि गाठ एकच आहे हे हाताला लागतंय त्यावरून ठरवू नका, पूर्ण शरीराचा सीटी किंवा पेट स्कॅन झाल्यावरच ते खात्रीने सांगता येतं.