बार्लिंग बॉम्बर: तीन पंखांत अडकलेली सहा इंजिने

बार्लिंग बॉम्बर हे १९२० च्या दशकातले अमेरिकी लष्कराचे प्रचंड त्रिपंखी बॉम्बफेकी विमान. त्याचे मूळ शोधायचे तर अमेरिकेआधी इंग्लंडमधले फार्नबरो गाठावे लागते. २६ मे १९१९ रोजी टॅरंट टेबर हे प्रचंड त्रिपंखी विमान तिथे पहिल्याच उड्डाणासाठी धावू लागले. त्याची सहा इंजिने दोन मजल्यांवर होती: चार खाली, दोन वरच्या पंखाखाली. शेपूट जमिनीवरून उचलल्यावर वरच्या दोन इंजिनांना जोर दिला गेला. ती इतकी उंचावर होती की त्यांच्या ओढीने विमान नाकावर उलथले. दोन्ही वैमानिक दगावले. टेबरचा आराखडा वॉल्टर बार्लिंग यांचा होता.

अमेरिकेत लष्कराच्या हवाई सेवेतले जनरल बिली मिचेल यांना युद्धनौका बुडवण्याइतके बॉम्ब वाहणारे विमान हवे होते. त्यांच्या पाठबळाने लष्कराने बार्लिंग यांना ओहायो राज्यातल्या डेटनच्या मॅक्कुक फील्ड या लष्करी विमानतळावर नव्या विमानाच्या आराखड्याचे काम दिले. १९२० मध्ये बांधणीचा करार न्यू जर्सीच्या विटमन-लुईस कंपनीशी झाला. सुटे भाग रेल्वेने डेटनला नेऊन तिथे जोडले आणि २२ ऑगस्ट १९२३ रोजी हॅरल्ड हॅरिस व म्युर फेअरचाइल्ड यांनी ते उडवले.

टेबरचा धडा या विमानात स्पष्ट दिसतो. सहाही इंजिने एकाच पातळीवर, खालच्या व मधल्या पंखांच्या दरम्यान बसवली. चार विमानाला पुढून ओढणारी, दोन मागून ढकलणारी. दहा चाकांपैकी दोन नाकाखाली होती, ती विमान पुढे उलथू नये म्हणूनच.

उलथण्याची भीती गेली, पण ताकद पुरेना. पहिल्या महायुद्धातून उरलेली लिबर्टी नावाची इंजिने प्रत्येकी ४२० अश्वशक्तीची, म्हणजे एकूण २,५२०. भरलेल्या विमानाचे वजन सुमारे १९,३०० किलो. प्रत्येक अश्वशक्तीमागे जवळपास ७.७ किलो! तशीच दोन इंजिने असलेल्या मार्टिन एमबी-२ या त्याच काळातल्या बॉम्बफेकी विमानात हा आकडा ६.५ च्या आसपास होता. त्यात भर म्हणजे १२० फुटांचा पंखविस्तार आणि दांड्या-तारांचे जंगल. एकावर एक पंख रचले की ते एकमेकांचा वारा बिघडवतात, त्यामुळे तिसऱ्या पंखाने हवेचा विरोध वाढतो, उचल मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. माझ्या मते खरे दुखणे हेच. तिप्पट इंजिने असूनही कमाल वेग ताशी ९६ मैल, एमबी-२ चा ९९.

५,००० पौंड बॉम्ब घेतले की पल्ला फक्त १७० मैलांचा. डेटनहून वॉशिंग्टनला निघाले असता ॲपलाचियन डोंगर ओलांडता आले नाहीत आणि ते अर्ध्यातून परतले.

दोन विमानांचा अंदाज ३,७५,००० डॉलरचा होता. एकावरच सुमारे ५,२५,००० खर्च झाले. त्याला ठेवायला बांधलेले हँगर तर विमानाहून महाग पडले. दुसरे विमान बांधलेच नाही. बांधलेले एकमेव विमान १९२५ नंतर जमिनीवरच राहिले, १९२७ मध्ये सुटे केले गेले आणि १९२९ मध्ये लष्करी हवाई दलातले अधिकारी मेजर हॅप अर्नोल्ड यांच्या आदेशाने जाळले. त्याची काही चाके डेटनच्या हवाई दल संग्रहालयाने जपली आहेत.