ब्रिटनमध्ये लॉरी ड्रायव्हर व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं, फी आणि पगाराचा खरा हिशेब

‘यूकेत ट्रक ड्रायव्हर पाहिजेत, व्हिसा पक्का, राहणं-जेवण मोफत’ अशी जाहिरात तुमच्या मोबाइलवर आली असेल, तर एजंटला फोन करायच्या आधी एक गोष्ट समजून घ्या. असा व्हिसा नाही. होता, तोही काही महिन्यांपुरता. २०२१च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, सुपरमार्केटची फडताळं रिकामी दिसू लागली, तेव्हा सरकारने अन्नमाल वाहणाऱ्या ४,७०० ड्रायव्हरांसाठी आणि इंधन टँकरच्या ३०० ड्रायव्हरांसाठी तात्पुरते व्हिसा जाहीर केले. त्यांची मुदत २०२२च्या सुरुवातीलाच संपली. नेहमीच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी लॉरी चालवण्याचं काम तेव्हाही पात्र नव्हतं. २२ जुलै २०२५पासून तर त्या व्हिसाची सर्वसाधारण अट पदवीच्या पातळीच्या कामाची झाली आहे. जाहिरातींतली वाक्यं मात्र २०२१चीच फिरतात.

तरीही कोणी पैसे मागत असेल, तर त्या एजंटची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणी असलेल्या एजंटलाही सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. लाखांचा आकडा ऐकू आला की तिथेच थांबा.

मग ही माहिती कोणासाठी? ज्यांच्याकडे ब्रिटनमध्ये काम करण्याचा हक्क आधीच आहे, त्यांच्यासाठी. नवरा किंवा बायको स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे आणि तुम्ही डिपेन्डंट आहात, तर हे काम तुम्हाला चालतं. तिथे पदवी घेतल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर चालतं. कायमचं वास्तव्य मिळालेल्यांना चालतं. पोर्तुगीज पासपोर्टवर २०२०च्या अखेरीआधी आलेले आणि सेटल्ड स्टेटस (ब्रेक्झिटनंतरही राहण्याचा हक्क) घेतलेले गोंयकार स्विंडन-साउथॉलमध्ये मोठ्या संख्येने आहेत, त्यांनाही चालतं. वेअरहाउसमध्ये पॅलेट हलवून कंटाळलेल्या माणसाला दारात उभी असलेली लॉरी खुणावते, यात नवल नाही. स्टुडंट व्हिसावर मात्र सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे आणि स्वतंत्र धंदा करायला बंदी आहे, त्यामुळे तो मार्ग जवळजवळ बंदच समजा.

भारतातलं हेवीचं लायसन्स

नाशिक-मुंबई दहा वर्षं ट्रेलर ओढला असेल, तरी त्या लायसन्सवर ब्रिटनमध्ये लॉरी चालवता येत नाही. लायसन्स बदलून देण्यासाठी ब्रिटनने ज्या देशांशी व्यवस्था केली आहे, त्या यादीत भारत नाही. भारतीय लायसन्सवर तिथे राहायला आल्यापासून १२ महिने कार चालवता येते, तेवढंच. लॉरीसाठी आधी कारचं पूर्ण ब्रिटिश लायसन्स लागतं. म्हणजे प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स (ऑनलाइन अर्जाला ३४ पौंड), मग थिअरी २३ पौंड, मग प्रत्यक्ष टेस्ट ६२ पौंड. या टेस्टची तारीख मिळायलाच महिने जातात, म्हणून लॉरीचा विचार असेल तर ही पायरी लगेच चढा. शक्य असेल तर कारची टेस्ट गिअरच्या गाडीवर द्या. कारचं लायसन्स गिअरचं असलं, की पुढे लॉरीची टेस्ट ऑटोमॅटिकवर देऊनही गिअरची लॉरी चालवायचा परवाना मिळतो.

वय १८ पूर्ण हवं. मुख्य गट तीन: साडेतीन ते साडेसात टनांपर्यंत सी-वन, त्यावरच्या सलग सांगाड्याच्या गाडीला सी, आणि मागे ट्रेलर जोडला की सी प्लस ई. ड्रायव्हर मंडळी सी-ला ‘क्लास टू’ आणि सी प्लस ई-ला ‘क्लास वन’ म्हणतात, नोकरीच्या जाहिरातीतही तेच शब्द येतात. नोव्हेंबर २०२१पर्यंत आधी सी आणि मग सी प्लस ई असा क्रम बंधनकारक होता. तुटवड्याच्या घाईत तो काढला. आता कारवरून थेट सी प्लस ई देता येते आणि पास झालात की सी आपोआप मिळतं. शहरात कधी मोठी गाडी न चालवलेल्या माणसाने थेट आर्टिकवर (ट्रेलर जोडलेल्या लॉरीवर) बसावं का, हा प्रश्न वेगळा. माझं मत विचाराल तर पैसे हातात असतील आणि प्रशिक्षक धीराचा असेल तरच.

डी-२ आणि डी-४

लॉरीचं प्रोव्हिजनल मिळवायला स्वान्सीच्या डीव्हीएलएकडे (लायसन्स देणारं सरकारी खातं) दोन फॉर्म पाठवायचे, सोबत तुमचं कारचं फोटो लायसन्स. डी-२ हा अर्ज, डी-४ हा डॉक्टरी तपासणीचा फॉर्म. डीव्हीएलएची फी शून्य. डॉक्टर मात्र डी-४ भरायचे पैसे घेतात आणि दर ज्याचा त्याचा असतो. तुमचाच जीपी (फॅमिली डॉक्टर) हवा असं नाही, नोंदणीकृत डॉक्टर चालतो. फक्त ड्रायव्हरांच्या तपासण्या करणारी केंद्रंही आहेत, ती सहसा स्वस्त पडतात. सहीपासून चार महिन्यांच्या आत फॉर्म पोचला नाही तर तपासणी पुन्हा.

अर्ज परत येण्याचं ठिकाण म्हणजे याच फॉर्मचा दृष्टीचा भाग. एका डोळ्याची दृष्टी किमान ६/७.५ आणि दुसऱ्याची किमान ६/६० लागते, चष्मा लावून चालेल, पण काचेचा नंबर प्लस ८च्या वर नको. काही डॉक्टर हा भाग भरत नाहीत, कारण चष्म्याचा नंबर मोजायची सोय त्यांच्याकडे नसते. मग तेवढ्यासाठी ऑप्टिशियनकडे जावं लागतं आणि त्याची सही वेगळी. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, ‘दृष्टीचा भाग तुम्ही भरता का?’

मधुमेह असलेल्यांनी हे नीट वाचावं. तो लपवायचा नाही आणि तो असला म्हणून दारं बंदही होत नाहीत. पण आपल्याकडे सर्रास दिली जाणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी, जिच्याने साखर एकदम खाली जाऊ शकते, ती चालू असेल तर लॉरीच्या लायसन्ससाठी दिवसातून किमान दोनदा साखर तपासल्याच्या नोंदी ठेवाव्या लागतात, आणि गेल्या १२ महिन्यांत साखर उतरून दुसऱ्याची मदत लागेल असा प्रसंग झालेला नसावा. इन्सुलिनवर असलेल्यांनाही लायसन्स मिळतं, पण दरवर्षी फेरतपासणी होते. भारतातून औषधं मागवत असाल तर डी-४च्या तपासणीला गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, ब्रँडची नावं तिथल्या डॉक्टरला ओळखीची नसतात.

परीक्षा

प्रोव्हिजनल हातात आलं की ड्रायव्हर सीपीसी. पगार घेऊन लॉरी चालवायची तर हे प्रमाणपत्र लागतंच. त्याचे चार भाग आहेत. पहिला थिअरीचा: १०० प्रश्नांपैकी ८५ बरोबर (२६ पौंड), आणि रस्त्यावरचे धोके ओळखण्याच्या चित्रफिती, १००पैकी ६७ गुण (११ पौंड). दोन्ही पास झाल्यापासून प्रत्यक्ष टेस्टपर्यंत दोन वर्षांची मुदत. दुसरा भाग प्रसंग वाचून उत्तरं द्यायचा, ५०पैकी ४० (२३ पौंड). २०१४पासून दुभाषाची सोय बंद आहे, त्यामुळे सगळं इंग्रजीत. बोलायचं इंग्रजी जमत असलं तरी ड्रायव्हिंगच्या तासांचे नियम इंग्रजीत वाचायचा सराव वेगळाच करावा लागतो.

तिसऱ्या भागात मैदानावर रिव्हर्स आणि ट्रेलर जोडणं-सोडणं (४० पौंडांपर्यंत), मग दीड तासाची रस्त्यावरची टेस्ट (११५ पौंड, संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी १४१). छोट्या चुका १५पर्यंत माफ, गंभीर एकही नाही.

चौथा भाग (५५ पौंड) लोक हलक्यात घेतात. इथे गाडी चालवायची नसते, गाडीभोवती फिरायचं असतं. परीक्षक म्हणतो, हा माल बांधलाय तो सुटणार नाही हे दाखव. तुम्ही पट्ट्याला चीर आहे का हे हाताने चाचपून दाखवायचं, रॅचेट ओढून दाखवायचं, टायरच्या खाचा, दिवे, हवेच्या नळ्या एकेक बोट ठेवून सांगायच्या. मग विचारतो, ट्रेलरमध्ये कोणी लपून बसलेलं नाही याची खात्री कशी करशील? सील, छताचं कापड, चाकांच्या वरची पोकळी, सगळं सांगावं लागतं. हा प्रश्न फक्त परीक्षेपुरता नाही. सीमेवर गाडीत लपलेला माणूस सापडला तर दंड माणशी १०,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो आणि तो ड्रायव्हरवरही बसतो. पाच विषयांत प्रत्येकी २०पैकी १५ आणि एकूण १००पैकी ८० लागतात.

पास झालात की ड्रायव्हर क्वालिफिकेशन कार्ड घरच्या पत्त्यावर येतं. पत्ता बदलला असेल तर आधी लायसन्सवरचा पत्ता बदला. शिवाय डिजिटल टॅकोग्राफचं (गाडी किती वेळ हाकली याची नोंद ठेवणाऱ्या यंत्राचं) कार्ड, ३२ पौंड. कारच्या फी सोडून या सगळ्या फी धरल्या तर पहिल्या फटक्यात पास होणाऱ्याचे ३०२ पौंड होतात. पैसा खरा जातो तो ट्रेनिंगला आणि टेस्टसाठी गाडी भाड्याने घेण्याला, सी प्लस ई-साठी एकूण तीन हजार पौंडांच्या आसपास धरून चाला. जाहिरात करणारे बरेचजण स्वतः शिकवत नाहीत, ते दलाल असतात. यार्ड कुठे आहे, गाडीत शिकणारे किती, नापास झालो तर पुन्हा किती, हे लेखी घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नका. फी अधूनमधून बदलते, भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरचा आकडा पाहा.

आता पगार

पगार पुरेसा नाही अशी ड्रायव्हरांची ओरड आहे आणि ती खोटी नाही. २०१०मध्ये ब्रिटनमधल्या, पगाराच्या क्रमात मधोमध येणाऱ्या लॉरी ड्रायव्हरचा तासाचा पगार सुपरमार्केटच्या कॅशियरपेक्षा ५१ टक्के जास्त होता. २०२०मध्ये तो फरक २७ टक्क्यांवर आला. मग ब्रेक्झिट, कोविडमध्ये बंद पडलेल्या टेस्ट, एप्रिल २०२१मध्ये आलेले स्वतःच्या कंपनीमार्फत काम करणाऱ्यांचे नवे करनियम, सगळं एकदम कोसळलं. माल वाहणाऱ्या कंपन्यांच्या रोड हॉलेज असोसिएशनने एक लाख ड्रायव्हर कमी असल्याचा अंदाज दिला. त्याच वर्षी सरकारने जवळपास दहा लाख लायसन्सधारकांना ‘परत या’ अशी पत्रं पाठवली, यातच सगळं आलं. लायसन्स असलेली माणसं देशात होती. त्या पैशात, त्या तासांत, रात्री रस्त्याकडेच्या ले-बायमध्ये झोपायला ती तयार नव्हती. २०२१नंतर दर वाढले, पण किमान वेतनही वाढत गेलं: एप्रिल २०२५पासून तासाला १२.२१ पौंड, एप्रिल २०२६पासून १२.७१.

एजन्सीची जाहिरात वाचताना ‘पीएवायई’ (एजन्सीच कर कापून थेट पगार देते) आणि ‘अम्ब्रेला’ (मधली एक कंपनी पगार देते) हे शब्द शोधा. समजा ‘तासाला १८ पौंड, अम्ब्रेला’ आहे आणि आठवड्याला ४५ तास. एकूण ८१० पौंड. यातून अम्ब्रेला कंपनी आपलं शुल्क कापते, २० पौंड धरू. मग मालकाच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सामाजिक विम्याचा हप्ता (९६ पौंडांवरच्या रकमेवर १५ टक्के), आणि अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही, हेही तुमच्याच ८१०मधून. उरतात साधारण ६९६, आणि त्यातच सुट्टीचा पगार धरलेला असतो. तो बाजूला काढला की तासाचा खरा दर १३.८० पौंडांच्या जवळ. तुमचा स्वतःचा इन्कम टॅक्स अजून कापायचाच आहे. म्हणजे पीएवायईवर १५ पौंड म्हणणारी जाहिरात अम्ब्रेलाच्या १८पेक्षा चांगली असू शकते.

तासांचंही बघा. गाडी हाकायची मर्यादा दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १०, आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती. पण वेअरहाउसच्या दारात माल उतरण्याची वाट पाहणं धरून ड्यूटी आठवड्यात काही वेळा १५ तासांपर्यंत लांबू शकते. विश्रांतीचे पैसे मिळतात का? केबिनमध्ये मुक्काम पडला तर ‘नाइट आउट’ भत्ता किती? करमुक्त मर्यादा स्लीपर केबिनला रात्री २६.२० पौंड आहे आणि कित्येक वर्षं तेवढीच आहे.

नोकरीला जाताना लायसन्स, सीपीसी कार्ड, टॅको कार्ड, नॅशनल इन्शुरन्स नंबर, काम करण्याच्या हक्काचा शेअर कोड (मुदत ९० दिवस) आणि लायसन्सवरचे दंडाचे पॉइंट दाखवणारा डीव्हीएलएचा कोड (मुदत २१ दिवस) तयार ठेवा. शेअर कोडशिवाय कोणी ‘रोखीत चालव’ म्हणालं तर नको म्हणा. बेकायदा कामगार ठेवणाऱ्याला पहिल्या वेळी माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड आहे, आणि तुमचा व्हिसा जातो तो वेगळाच.

अडतं ते अनुभवाच्या अटीवर. विम्यामुळे बऱ्याच कंपन्या दोन वर्षांचा अनुभव मागतात, म्हणजे माणसं मिळत नाहीत म्हणणाराच नव्या माणसाला दारातून परत पाठवतो. नव्यांना घेणारी कामं सहसा क्लास टूची, पहाटेची आणि हाताने माल उतरवायची असतात. वेअरहाउसमध्ये आधीच नोकरीला असाल तर बाहेर शोधण्याआधी तिथल्याच ट्रान्सपोर्ट ऑफिसात विचारा: आतल्या माणसाला गाडीवर घेता का, ट्रेनिंगचा खर्च करता का, आणि केला तर किती महिने बांधून ठेवता? दर पाच वर्षांनी सीपीसीसाठी ३५ तासांचं प्रशिक्षण असतं. त्याला परीक्षा नसते, पण फी आणि त्या दिवसांचा पगार कोण देणार, हेही तेव्हाच विचारून घ्या.